सॉफ्टवेअर अपडेटनंतर डीपीएफ कसा वागतो: दीड वर्षाच्या वापरातून

गाडी दोन लिटर डिझेल इंजिनाची, मॅन्युअल गिअर, धूर साफ करायला युरियाचं द्रावण न लागणारी. म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड आवरायचं बहुतेक काम ईजीआरवर (जळालेला वायू परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) आणि काजळी अडवायचं काम डीपीएफवर (एक्झॉस्टमधला फिल्टर). कंपनीने उत्सर्जनासाठी काढलेलं सॉफ्टवेअर अपडेट तिच्यात टाकून आता दीड वर्ष होत आलं. अपडेटच्या बऱ्याच आधीपासून मी ओबीडीला, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला, ब्लूटूथ अडॅप्टर लावून फिल्टरमधली काजळी, एक्झॉस्टचं तापमान आणि दोन रिजनमधलं अंतर (रिजन म्हणजे साठलेली काजळी फिल्टरमध्येच जाळून टाकणं) लिहून ठेवतोय, त्यामुळे आधीचं आणि नंतरचं असं दोन्ही समोर आहे. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका मॉडेलचा नाही. ईजीआर आणि डीपीएफ असलेल्या कुठल्याही डिझेलला हे थोड्याफार फरकाने लागू पडेल.

आधी निकाल सांगतो. अपडेटआधी हायवेवर साधारण साडेचारशे ते पाचशे किलोमीटरला एक रिजन व्हायचं. आता त्याच रस्त्यावर तीनशेच्या आसपास होतं. शहरात तर दोनशेच्याही आत. हायवेचं ॲव्हरेज जवळपास तेच आहे, शहरात मात्र लिटरमागे एखादा किलोमीटर कमी झालाय. पिकअप दीड हजार आरपीएमच्या खाली जरा जड वाटतो, त्याच्या वर फरक जाणवत नाही. दीड वर्षात फिल्टरचा दिवा एकदाही लागला नाही, गाडी लिंप मोडला (बिघाड दिसल्यावर ताकद कमी करून चालण्याच्या स्थितीला) गेली नाही. मात्र इंजिन ऑइलची कथा वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येतो.

हे असं का होतं ते समजल्याशिवाय अपडेटला नावं ठेवण्यात अर्थ नाही. डिझेल इंजिनात नायट्रोजन ऑक्साइड आणि काजळी यांचं नातं उलटं आहे. ज्वलन खूप गरम आणि ऑक्सिजन मुबलक असेल तर नायट्रोजन ऑक्साइड जास्त तयार होतात. ईजीआर जळालेला वायू परत आत सोडतो, त्याने ऑक्सिजन आणि तापमान दोन्ही उतरतात आणि नायट्रोजन ऑक्साइड घटतात. पण तेवढ्यानेच डिझेल पुरतं जळत नाही आणि काजळी वाढते. जे अपडेट ईजीआर जास्त वेळ आणि जास्त उघडा ठेवतं, ते फिल्टरकडे जास्त काजळी पाठवणारच. फिल्टर तेवढाच राहिला, भरण्याचा वेग वाढला. यात बिघाड काही नाही. ओझं एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवलं गेलंय.

ही अपडेट्स आली ती फोक्सवॅगन प्रकरणानंतर, म्हणजे फक्त चाचणीपुरतं उत्सर्जन कमी करणारं सॉफ्टवेअर कंपनीच्या डिझेल गाड्यांत सापडलं त्यानंतर. २०१३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या चमूने डिझेल गाड्या प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावर तपासल्या आणि प्रयोगशाळेतल्या आकड्यांशी ते आकडे जुळेनात. १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने कंपनीला नोटीस दिली, आणि जगभरातल्या सुमारे १.१ कोटी गाड्यांचा प्रश्न उघडा पडला. युरोपात या गाड्यांतल्या ईए१८९ इंजिनांसाठी दुरुस्ती म्हणून मुख्यतः सॉफ्टवेअरच बदललं गेलं, १.६ लिटरच्या इंजिनाला हवेच्या सेन्सरपुढे एक छोटी जाळीही बसवली. पुढे १४ जुलै २०२२ ला युरोपीय न्यायालयाने त्या दुरुस्तीवरच बोट ठेवलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरचं तापमान १५ ते ३३ अंश सेल्सिअस आणि उंची १,००० मीटरच्या आत असेल तेव्हाच ईजीआर पूर्ण क्षमतेने चालत होता. एकाच अपडेटबद्दल एकजण म्हणतो रिजन दुप्पट झाली आणि दुसरा म्हणतो काहीच बदललं नाही, याचं एक कारण हवामानाची अशी खिडकी असू शकतं, असं मला वाटतं. थंड प्रदेशातली गाडी आणि पंचवीस अंशांत धावणारी गाडी, दोघींचा ईजीआर सारखा चाललेला नसतो.

आता फिल्टरकडे. आत सिरॅमिकच्या बारीक नळ्या असतात, एक पुढून बंद तर शेजारची मागून बंद. वायूला सच्छिद्र भिंतीतून आरपार जावं लागतं आणि काजळी भिंतीवर अडते. हायवेवर इंजिनावर भार असेल तर अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने ती काजळी हळूहळू आपोआप जळत राहते. तेवढी उष्णता मिळाली नाही की ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) मुद्दाम रिजन करावं लागतं. पिस्टन खाली जात असताना उशिरा थोडं जादा डिझेल सोडायचं, ते सिलिंडरमध्ये न जळता पुढच्या कॅटॅलिस्टवर जाऊन जळतं आणि फिल्टरचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतं. साधारण दहा ते वीस मिनिटांचं काम आहे.

ते चालू असल्याचं डॅशबोर्ड बहुतेक गाड्यांत सांगत नाही, आणि हे मला मनापासून खटकतं. एक साधा दिवा दिला असता तर कितीतरी फिल्टर वाचले असते. तोवर खुणा ओळखायला शिकावं लागतं: उभ्या गाडीत आयडल दोन-अडीचशे आरपीएमने वर जातो, स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, क्षणाचं ॲव्हरेज अचानक घसरतं, एक्झॉस्टचा आवाज घोगरा होतो, आणि इंजिन बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा जोरात फिरत राहतो. पंखा असा फिरताना दिसला म्हणजे रिजन बहुधा अर्ध्यात तुटलं असं समजा. अशा वेळी सुक्या गवतावर गाडी उभी करू नका, एक्झॉस्ट खरोखर पेटवण्याइतका तापलेला असतो.

ओबीडीवर काजळीचे दोन आकडे दिसतात आणि दोन्ही वाचायला हवेत. एक फिल्टरच्या पुढच्या-मागच्या दाबातल्या फरकावरून मोजलेला. दुसरा हिशेबातला, म्हणजे इंजिन कसं चाललं त्यावरून ईसीयूने अंदाजलेला. माझ्या गाडीत यातला जो आधी मर्यादेला पोचतो तो रिजन सुरू करतो. अपडेटनंतर मोजलेला आकडा वाढला खरा, पण हिशेबाचा त्याहून पुष्कळ वेगाने वाढतो. त्यावरून माझा निष्कर्ष असा की वाढलेल्या रिजनपैकी काही जास्त काजळीमुळे आहेत आणि काही नव्या सॉफ्टवेअरने हिशेब सावधपणे मांडल्यामुळे. फिल्टरच्या दृष्टीने ही सावधगिरी चांगलीच आहे, कारण प्रमाणाबाहेर साठलेली काजळी एकदम पेटली तर सिरॅमिक तडकतं किंवा वितळतं. त्याची किंमत ऑइल मोजतं.

ऑइलबद्दल कुणीच पुरेसं बोलत नाही, म्हणून इथे थांबून सांगतो. उशिरा सोडलेल्या डिझेलचा थोडा भाग सिलिंडरच्या भिंतीला लागतो आणि रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतो. प्रत्येक रिजनला थोडं थोडं. रिजन अर्ध्यात तुटलं तर डिझेल उतरलेलं असतंच, काजळी मात्र जळलेली नसते, म्हणून परत पहिल्यापासून सुरू. लांबच्या प्रवासात ऑइल चांगलं तापलं की त्यातलं काही डिझेल उडून जातं, पण सगळं नाही. इंधनात बायोडिझेलचा अंश जास्त असेल तर तो जवळपास उडतच नाही. अपडेटनंतर पहिल्या काही महिन्यांत डिपस्टिकवरची पातळी खाली जायच्या ऐवजी वर चढली, आणि पुसून बघितलं तर डिझेलचा वास स्पष्ट येत होता. सर्व्हिस सेंटरला दाखवलं तर 'नॉर्मल आहे, मॅक्सच्या खाली आहे' एवढंच उत्तर मिळालं. हे उत्तर मला मान्य नाही. पातळी मॅक्सच्या खाली असली तरी ते ऑइल पातळ झालेलं असतं. त्याचा थर टिकत नाही आणि पहिला मार टर्बोच्या आणि क्रँकच्या बेअरिंगला बसतो. पातळी मॅक्सच्या बरीच वर गेली तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून जाळायला लागण्यापर्यंत मजल जाऊ शकते, आणि मग चावी काढूनही ते बंद होत नाही.

म्हणून कंपनीने पंधरा हजार किलोमीटर लिहिलं असलं तरी मी ऑइल आठ हजारांच्या आसपास बदलतो. ऑइल कमी राखेचंच हवं, माझ्या गाडीला एसीईए सी३ दर्जाचं लागतं. तुमच्या मॅन्युअलमध्ये जे असेल तेच घ्या. कारण काजळी जळते, राख जळत नाही. ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकची राख फिल्टरमध्ये कायमची बसते, कितीही रिजन केली तरी. फिल्टरचं आयुष्य शेवटी राखच ठरवते. 'डीपीएफ क्लीनर' म्हणून टाकीत ओतायच्या बाटल्या काजळी कमी तापमानाला जळायला फार तर मदत करतील, राखेला त्या हातही लावू शकत नाहीत.

चालवण्याच्या सवयीत फार बदल करावा लागला नाही. रिजन सुरू झालेलं दिसलं की एक गिअर खाली ठेवून आरपीएम दोन हजारांच्या आसपास धरतो आणि संपेपर्यंत इंजिन बंद करत नाही. टाकी रिझर्व्हला येऊ देत नाही, कारण इंधन कमी असलं की बऱ्याच गाड्या रिजन सुरूच करत नाहीत. रिजन नीट होत नसतील तर फिल्टरला दोष देण्याआधी थर्मोस्टॅट बघा. तो उघडाच अडकला असेल तर इंजिन पुरतं तापत नाही आणि ईसीयू वाट बघत बसतो. दाबाच्या सेन्सरच्या रबरी नळ्या बघा, त्या चिरल्या की आकडाच खोटा येतो. ईजीआर व्हॉल्व्हही बघा. अपडेटनंतर त्याच्यावर ताण वाढलाय, आणि त्याचा फॉल्ट कोड आला की कित्येक गाड्यांत रिजन रोखून धरलं जातं. माझा व्हॉल्व्ह एकदा काढून साफ करून घेतला. जमा झालेल्या काजळीचा थर बघून वेळेवर काढला असंच वाटलं.

'फिल्टर आतून फोडून रिकामा करा आणि सॉफ्टवेअरमधून बंद करा' हा सल्ला देणारे मेकॅनिक सगळीकडे भेटतात. कृपा करून ऐकू नका. चांगला डीपीएफ सूक्ष्म कणांपैकी बहुतांश अडवतो, आणि हेच कण फुप्फुसात सर्वात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलच्या धुराला कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. तो धूर आपल्या मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या छातीत जातो. लिटरमागे वाचणाऱ्या एका किलोमीटरसाठी हे करायला माझं मन तयार नाही.

त्याच कारणाने मी हे अपडेट काढून जुनं सॉफ्टवेअर परत टाकणार नाही. नायट्रोजन ऑक्साइड कमी व्हायलाच हवे होते. माझी तक्रार एवढीच आहे की अपडेट टाकून देताना ऑइल बदलण्याचं अंतरही कमी करून द्यायला हवं होतं, आणि पातळी वर जाऊ शकते हे मालकाला लेखी सांगायला हवं होतं. इंजिनाचं काम बदललं आणि सर्व्हिसचं पुस्तक तेच राहिलं.

रोज पाच-सात किलोमीटरचाच प्रवास असेल तर अपडेट असो वा नसो, डीपीएफवाली डिझेल तुमच्यासाठी नाही. आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग चालत असेल तर अपडेट घेऊनही गाडी व्यवस्थित चालते. अशी गाडी जुनी घेत असाल तर अपडेट कधी झालं ते विचारा, ओबीडीवर राखेचा आकडा आणि शेवटच्या रिजननंतरचं अंतर बघा, आणि डिपस्टिक काढून वास घ्या. राखेचा आकडा गाडीच्या किलोमीटरच्या मानाने फारच कमी दिसला तर फिल्टर खरंच बदललाय की नुसता आकडा शून्य केलाय, याची पावती मागा.