ट्रॉम्बोन: नवा प्लॅस्टिकचा की जुना पितळी?

अकरा वर्षांच्या मुलीसाठी पहिला ट्रॉम्बोन (नळी पुढेमागे सरकवून वाजवायचं फुंकवाद्य) घ्यायचाय, कुठला घ्यावा, असं एका ओळखीच्यांनी विचारलं. किमतीत दोन्ही साधारण सारखेच बसत होते.

वजनात प्लॅस्टिकचा सरळ जिंकतो. तो जेमतेम 800 ग्रॅमचा, पितळी जवळपास दुप्पट. वाद्य पेलणाऱ्या लहान डाव्या हाताला हा फरक पाच मिनिटांत कळतो. पडला तरी पोचा येत नाही.

खरी गोष्ट स्लाइडची, म्हणजे त्या सरकत्या नळीची. पितळी वाद्याच्या आतल्या आणि बाहेरच्या नळ्यांत अगदी बारीक फट असते. बाहेरच्या नळीला छोटा पोचा आला तरी स्लाइड अडकते. म्हणून जुनं घेताना चकाकी बघू नका. वाद्य उभं धरून स्लाइडचं कुलूप काढा, खाली हात ठेवून ती सोडा. कुठेही न थबकता घसरली तर ठीक. प्लॅस्टिकची स्लाइड नवी असताना जरा जड चालते, वापराने सुधारते, पण चांगल्या पितळी स्लाइडची सफाई तिला येत नाही. आवाजही वरच्या पट्टीत थोडा बोथट वाटतो.

निगा? प्लॅस्टिकला पाण्याचा फवारा पुरतो. पितळीला स्लाइड क्रीम लागतं आणि अधूनमधून कोमट पाण्याने आंघोळ. गरम पाण्याने लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत लेप, निघू शकतं. माउथपीस (ओठ लावून फुंकायचा सुटा भाग) अडकलं तर पक्कड लावू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या.

आवड टिकेल की नाही ठाऊक नसेल, हात लहान असतील, तर प्लॅस्टिक. शिक्षक ठरलेत, वाद्यवृंदात बसायचंय, तर जुना पितळी. मात्र स्लाइड तपासूनच.