पेरिनची कुऱ्हाड: ‘द व्हील ऑफ टाइम’ बघता बघता पुन्हा वाचताना

मे 2025 मध्ये ‘द व्हील ऑफ टाइम’ या कादंबऱ्यांवरची मालिका बंद झाल्याची बातमी आली, तेव्हा माझं चौथं पुस्तक संपत आलं होतं. बातमी वाचून मी पुन्हा रुईडियान या वाळवंटातल्या शहराची प्रकरणं उघडली आणि त्याच रात्री पुस्तकाची बांधणी सुटली. जुनं, जाडजूड पेपरबॅक. कण्याचा डिंक आधीच वाळला होता. कडकन आवाज झाला आणि पानांचा गठ्ठा मांडीवर आला. गेले सात महिने मी हे दोन्ही सोबत करत होते, पुस्तकं पुन्हा वाचणं आणि मालिका बघणं. आता मालिका पुढे नाही. म्हणून जे साचलंय ते लिहून टाकते.

कथा माहीत आहे असं धरूनच लिहितेय. रॉबर्ट जॉर्डनचं पहिलं पुस्तक 1990 चं. तो 2007 मध्ये गेला, शेवटची तीन पुस्तकं त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने पूर्ण केली आणि चौदावं 2013 मध्ये आलं. सगळी मिळून 44 लाखांच्या आसपास शब्द. त्यातल्या जेमतेम चार पुस्तकांचा ऐवज मालिकेच्या 3 सीझनमध्ये, 24 भागांत आला. चौदाही पुस्तकं माझ्या घरात होतीच, त्यामुळे पुन्हा वाचायला खर्च शून्य. गेला तो फक्त वेळ, आणि तो वसूल झाला की नाही याचा हिशेब मी गंभीरपणे मांडतेय.

नियम साधा ठेवला होता: आधी पुस्तकातला भाग वाचायचा, मग मालिकेतला बघायचा. सोबत धाकटा भाऊ. त्याने एकही पान वाचलेलं नव्हतं. पहिल्याच भागात नियमाचा फायदा कळला आणि त्रासही तिथूनच सुरू झाला.

पेरिनची बायको.

पुस्तकातल्या पेरिनला सुरुवातीला बायको नाही. तो लोहाराच्या हाताखाली काम शिकणारा, अंगाने दांडगा मुलगा आहे. आपल्या ताकदीने कुणाला लागेल या भीतीने लहानपणापासून हळू चालणारा, हळू बोलणारा. मालिकेने त्याला लैला नावाची बायको दिली आणि पहिल्याच भागात, ट्रॉलॉक नावाच्या अर्धपशू राक्षसांच्या हल्ल्यात, त्याच्याच कुऱ्हाडीने चुकून तिला मारलं. भाऊ हादरला. मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

कारण सांगते. पहिल्या पुस्तकात पेरिन आणि त्याच्याच गावची एग्वेन कावळ्यांच्या थव्यापासून पळत असतात. माणसाचं मांस चोचींनी फाडणारे कावळे, हजारोंनी. आता सुटका नाही असं वाटतं तेव्हा पेरिनच्या मनात येतं की एग्वेनचे हाल होण्यापेक्षा आपणच तिला कुऱ्हाडीच्या एका घावात संपवावं. कावळे मागे राहतात, ती वाचते, तिला काहीच कळत नाही. त्याला मात्र कळलेलं असतं की आपला हात कुठपर्यंत जाऊ शकतो. तो कुऱ्हाड फेकून द्यायला निघतो. तेव्हा लांडग्यांमध्ये राहणारा एलायस त्याला थांबवतो: वापरताना जोवर तिरस्कार वाटतो तोवर ती तुझ्याकडेच असू दे, ज्या दिवशी तो वाटेनासा होईल त्या दिवशी फेक. पुढे व्हाइटक्लोक सैनिक हॉपर नावाच्या लांडग्याला मारतात, तेव्हा पेरिन दोघांना ठार करतो. यात अपघात कुठेच नाही. आधी विचार, मग कृती, दोन्ही त्याची स्वतःची. ती कुऱ्हाड तो अखेर फेकतो दहाव्या पुस्तकात, 2003 मध्ये. तेरा वर्षं वाचकांनी ती त्याच्या कमरेला लटकलेली पाहिली.

आणि मालिका? लैलाच्या मृत्यूत पेरिनचा दोष नाही. चुकून लागलेल्या घावाचं दुःख होतं, अपराधीपणही येतं, पण आपण काय करू शकतो ही भीती त्यातून येत नाही. नेमका तोच माणूस मालिकेच्या हातून निसटला.

पहिल्या सीझनभर मी भावाला हेच ऐकवत होते. तो एकदा म्हणाला, "ताई, मला तर तो गप्प का असतो ते पहिल्या भागातच कळलं. पुस्तकात किती पानांनी कळतं?" हा प्रश्न मला लागला. आठ भागांत पाच जणांची ओळख करून द्यायची, मनातलं बोलणं पडद्यावर दिसत नाही, तर काहीतरी ठसठशीत घडायला हवं, हे मलाही पटलं. टिंकर लोकांच्या तांड्यात पेरिन पानाच्या मार्गाबद्दल, म्हणजे हात कधीच न उचलण्याच्या त्यांच्या व्रताबद्दल ऐकतो, तेव्हा लैलाचा मृत्यू त्या दृश्याला वजन देतो, हेही मान्य केलं. महिनाभर माझं मत बरंच मवाळ झालं होतं.

मग दुसऱ्या सीझनचा शेवट पाहिला. फाल्मे शहरात हॉपरला मारतात आणि संतापलेला पेरिन व्हाइटक्लोक अधिकारी जेफ्रम बोर्नहाल्डला ठार करतो. म्हणजे पुस्तकातलं खरं कारण त्यांच्या हाताशी होतं, त्यांनी ते उत्तम चित्रित केलं, आणि ते बघताना भाऊ रडला. मग लैला कशासाठी? त्या दिवसापासून माझं मत पुन्हा जागेवर आलं आहे. प्रसंग गाळा, क्रम बदला, दोन पात्रांचं एक करा, माझी हरकत नाही. माणूस जे करतो ते का करतो, तिथे हात लावायचा नाही.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. ड्रॅगन, म्हणजे जगाचं भवितव्य ठरवणारा भाकितातला अवतार, पुरुषच असणार हे पुस्तकात ठरलेलं आहे, किंबहुना सगळी भीती त्यातूनच येते, कारण पुरुषांच्या वाट्याची जादूची शक्ती विटाळलेली आहे. मालिकेने तो मुलगा की मुलगी हे कोडं सात भाग ताणलं आणि ती भीती पातळ केली. त्या पाच जणांतल्या मॅटचा नट पहिल्या सीझनच्या मध्यातच गेला, त्याचा फटका शेवटच्या दोन भागांना बसला. दुसऱ्या सीझनपासून आलेला नवा मॅट मात्र मला पुस्तकातल्यापेक्षाही आवडला. तिसऱ्या सीझनच्या शेवटी जादूगार स्त्रियांची प्रमुख स्वॉन हिला मारून टाकलं. पुस्तकात तिची शक्ती काढून घेतात, ती जिवंत राहते, आणि सत्ता गेलेल्या बाईने पुन्हा उभं राहणं ही त्यातली फार मोलाची कथा आहे. ती कथाच गेली.

एक अनपेक्षित लाभही झाला. इतकी वर्षं मी सगळी नावं मनात चुकीची म्हणत होते. पुस्तकाच्या मागे उच्चारांची यादी आहे, पण ती कोण बघतं. आता म्वारेन म्हटलं की तिची भूमिका करणाऱ्या रोझमंड पाइकचाच आवाज ऐकू येतो. पहिली काही पुस्तकं तिने ऑडिओबुकसाठी वाचली आहेत. पहिल्या पुस्तकातला प्रवासाचा लांबलेला भाग मी घरकाम करताना तिच्या आवाजात ऐकला आणि पहिल्यांदाच तो रेंगाळलेला वाटला नाही.

आता रुईडियान. तिसऱ्या सीझनचा चौथा भाग, चौथ्या पुस्तकातली दोन प्रकरणं. कथानायक रँड काचेच्या खांबांमधून चालतो आणि प्रत्येक पावलागणिक आपल्या एका पूर्वजाच्या अंगात शिरतो, एकेक पिढी मागे मागे. वाचताना आधी परिणाम दिसतो, कारण नंतर. वाळवंटातल्या आयील जमातीचे भालाईत तोंडावर बुरखा का ओढतात, हे आधी कळत नाही. मग त्या पूर्वजांतला लुइन येतो. तो बहिणीला सोडवायला जातो, झटापटीत माणसं मारतो आणि तिला परत आणतो. त्याची आई त्याच्याकडे बघायला तयार नसते. खुन्याचा चेहरा मला बघायचा नाही, तोंड झाक, असं ती आपल्याच पोराला सांगते. तिचं सगळं आयुष्य पानाच्या मार्गावर गेलेलं असतं. तो फडकं तोंडावर ओढतो. अख्ख्या जमातीची युद्धाची खूण म्हणजे आईने नाकारलेल्या मुलाने झाकलेलं तोंड.

हे पडद्यावर जमणार नाही, अशी माझी खात्री होती. त्यांनी सगळे पूर्वज रँडच्याच नटाला, योशा स्ट्राडोव्स्कीला दिले. चाल वेगळी, वय वेगळं, डोळ्यांतली भीती वेगळी, पण चेहरा तोच. ‘पूर्वजाच्या डोळ्यांनी पाहिलं’ असं पुस्तक शब्दांत सांगतं, इथे ते नुसतं दिसलं. क्रमही उलटाच ठेवला, कुठे समजावत बसले नाहीत. भाग संपल्यावर मी लगेच ती प्रकरणं काढली, आणि वाचताना लुइनला योशाचा चेहरा होता. पहिल्यांदाच मालिकेने माझ्या पुस्तकात भर घातली. त्या एका भागासाठी मी सात महिन्यांचा वेळ वसूल मानते. इतक्या ताकदीची माणसं आता ही कथा पुढे नेणार नाहीत, याचं दुःख लैलाच्या रागापेक्षा मोठं आहे.

टिंकर आणि आयील मुळात एकच, हेही त्याच खांबांमध्ये उलगडतं. तेव्हा पेरिनचं टिंकरांमधलं ते जुनं दृश्य पुन्हा लावून पाहिलं. ते आधीपेक्षा खोल वाटलं. लैलाशिवायही तितकंच खोल वाटलं असतं, असं माझं अजूनही म्हणणं आहे.

सुटलेला गठ्ठा मी फेव्हिकॉलने चिकटवला, दोन दिवस जड शब्दकोशाखाली दाबून ठेवला. पाचवं पुस्तक सुरू केलंय. सोबत बघायला काही नसल्यामुळे वेग कमी झालाय. पहिलं पुस्तक भाऊ घेऊन गेला. पुढे काय होतं ते आता इथेच कळेल, म्हणाला. काल रात्री उशिरा त्याचा फोन आला.

"ताई, तो एग्वेनला मारायला निघाला होता?"

"कावळे झाले का?"

"आत्ताच झाले. तिला माहीतच नाही. आणि हा तिच्याशेजारी चालतोय."

"पुढे वाच," मी म्हटलं. "एलायस आता त्याच्याशी बोलेल."