पासपोर्ट खिशात, कार्ड काउंटरवर: युरोपात कॅम्पिंग कार्ड घ्यावं का?

युरोपातल्या कॅम्पसाइटवर संध्याकाळी पाचच्या सुमाराला रांग लागते. रिसेप्शनवरचा माणूस पासपोर्ट मागतो, नोंद करतो आणि बहुतेक ठिकाणी दोन मिनिटांत परत देतो. काही ठिकाणी मात्र तो पासपोर्ट मागच्या खणात जातो आणि ‘निघताना घ्या’ असं सांगितलं जातं. मोटर आणि कॅम्पिंग क्लब देतात ते कॅम्पिंग कार्ड या दुसऱ्या प्रसंगासाठी आहे. पासपोर्टऐवजी हे कार्ड खणात ठेवा, पासपोर्ट आपल्याजवळ राहू द्या, एवढीच त्यामागची कल्पना.

कार्डाची जाहिरात मात्र ‘पासपोर्टची गरज नाही’ अशा थाटात होते आणि तिथेच घोटाळा होतो. पासपोर्ट दाखवणं आणि पासपोर्ट ठेवून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ड दुसरी टाळतं, पहिली टाळू शकत नाही. शेंगेन म्हणजे आपसांतल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांचा गट. १९ जून १९९०च्या शेंगेन अंमलबजावणी कराराचं कलम ४५ म्हणतं की निवासाची सोय देणाऱ्याने परदेशी पाहुण्याकडून नोंदणीचा अर्ज भरून, सही करून घ्यावा आणि पाहुण्याने वैध ओळखपत्र दाखवावं. तंबू, कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) आणि बोटीत राहणाऱ्यांनाही हे लागू असल्याचं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. क्लबने छापलेलं कार्ड हे सरकारी ओळखपत्र नव्हे. त्यातून भारतीय पासपोर्टधारकाचा व्हिसा पासपोर्टातच चिकटवलेला असतो. त्यामुळे ‘पासपोर्ट गाडीत आहे, हे कार्ड घ्या’ असं म्हणून भागेलच, असं धरून चालू नका.

पण दाखवून झाल्यावर पासपोर्ट रात्रभर त्यांच्याकडे कशाला? कारणं साधी असतात. पैसे निघताना घ्यायचे असतात आणि पहाटे न सांगता निघून जाणारे लोक असतात. फाटकावरच्या बॅरिअरचं कार्ड, शॉवरची चावी, विजेच्या खांबाचा निळा अडॅप्टर अशा वस्तू परत मिळाव्यात म्हणून तारण हवं असतं. शिवाय गर्दीच्या वेळी नोंदी भरायला सवड नसते, म्हणून पासपोर्ट गोळा करून ठेवतात आणि रात्री निवांत भरतात. यातल्या पहिल्या दोन कारणांना कार्ड हा सरळ उपाय आहे. तिसऱ्या कारणासाठी कार्ड तेव्हाच चालतं, जेव्हा त्यावर तुमचं नाव, जन्मतारीख, पत्ता, नागरिकत्व आणि पासपोर्ट क्रमांक असा सगळा मजकूर असतो आणि पासपोर्टशी तो अक्षर न् अक्षर जुळतो.

बाजारात तीन नावं मुख्य. कॅम्पिंग कार्ड इंटरनॅशनल, म्हणजे सीसीआय, हे सगळ्यांत जुन्या वळणाचं. पूर्वी त्याला कॅम्पिंग कार्ने म्हणत, आणि जुन्या कॅम्पसाइटवर अजूनही ‘कार्ने’ म्हटलं की लोकांना चटकन कळतं. एफआयए, एआयटी आणि एफआयसीसी या मोटर व कॅम्पिंग क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांचं ते कार्ड. विकतात मात्र त्या त्या देशातले मोटर आणि कॅम्पिंग क्लब. दुसरं कॅम्पिंग की युरोप. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या कॅम्पिंग कार्डाची ही पुढची आवृत्ती असल्याने उत्तरेकडे त्याची ओळख जास्त. तिकडच्या अनेक साखळ्यांनी वर्षानुवर्षं असं कार्ड असल्याशिवाय जागाच दिली नाही, म्हणून स्वीडन किंवा डेन्मार्कला जाताना बुकिंगच्या अटींत कार्डाचा उल्लेख आहे का ते आधी वाचा. तिसरं एसीएसआय या डच संस्थेचं क्लब आयडी.

एसीएसआयच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. त्याच संस्थेचं ‘कॅम्पिंगकार्ड एसीएसआय’ नावाचं वेगळं कार्ड आहे. ते फक्त सवलतीचं: हंगाम नसताना ठरावीक कॅम्पसाइटवर ठरावीक कमी दर मिळतो. ते ओळखीसाठी तारण म्हणून चालत नाही. पासपोर्टऐवजी ठेवायचं कार्ड म्हणजे क्लब आयडी. नावं इतकी सारखी आहेत की मागवताना दोनदा वाचा.

तिन्हींची किंमत वर्षाला साधारण पाच ते पंधरा युरोच्या दरम्यान, क्लबची वर्गणी वेगळी. त्या मानाने मिळतं बरंच. सीसीआयवर काही ठिकाणी २५ टक्क्यांपर्यंत सूट असते, पण ती बहुधा जुलै-ऑगस्ट सोडून. मुलांच्या शाळेच्या सुट्टीतच जाणाऱ्यांनी सूट हिशेबात धरूच नये.

खरी किंमत विम्यात आहे. सीसीआय आणि क्लब आयडी या दोन्हींबरोबर ११ जणांपर्यंतच्या गटाला त्रयस्थ पक्षाच्या नुकसानीचं संरक्षण येतं. तुमच्या मुलाच्या चेंडूने शेजारच्या कॅराव्हॅनची काच फुटली, खुंट्या नीट न ठोकल्यामुळे तुमचं ऑनिंग (गाडीला जोडायचं कापडी छत) उडून दुसऱ्याच्या तंबूवर आदळलं, गॅसच्या शेगडीने भाड्याच्या केबिनचा ओटा जळला, अशा गोष्टी त्यात येतात. मोटारीने केलेलं नुकसान त्यात येत नाही. मोटरहोम (राहायची सोय असलेली गाडी) मागे घेताना विजेचा खांब वाकवलात तर तो गाडीच्या विम्याचा विषय. तुमचा स्वतःचा तंबू, लॅपटॉप, सायकल यांनाही हा विमा काही देत नाही. दावा करायचा झाला तर त्याच दिवशी फोटो घ्या, कॅम्पसाइटकडून लेखी नोंद घ्या, समोरच्याचं नाव-पत्ता घ्या आणि ज्या क्लबने कार्ड दिलं त्याला कळवा. भांडण मिटवण्याच्या भरात ‘चूक आमची’ असं लिहून सही करू नका. जबाबदारी मान्य करण्याचा अधिकार विमा कंपनी स्वतःकडे ठेवते.

जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडे घरगुती दायित्व विमा (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा) बहुतेक असतोच आणि तो सहसा परदेशी सहलीतही चालतो. त्यांनी कार्ड विम्यासाठी घेण्याचं कारण नाही, पासपोर्ट मोकळा राहण्यासाठी जरूर घ्यावं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांकडे असा स्वतंत्र विमा असेलच असं नाही; घराच्या विम्यात तो भाग आहे का, ते बघून ठरवा.

देशागणिक काय होतं ते जरा सविस्तर बघू, कारण कार्ड कुठे उपयोगी आणि कुठे निरुपयोगी हे त्यावरच ठरतं.

इटलीत १९३१च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याच्या कलम १०९नुसार पाहुण्यांची माहिती ‘अलोज्जाती वेब’ या पोलिसांच्या संकेतस्थळावर २४ तासांत भरावी लागते. त्यात कुटुंबप्रमुखाच्या ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक हवा. बरोबरच्या कुटुंबीयांचं नाव, जन्मतारीख, जन्मदेश आणि नागरिकत्व पुरतं. म्हणजे एकाच्या पासपोर्टावर क्रमांकाचं काम होतं. तरीही कुटुंबातल्या सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करायची सवय अनेक ठिकाणी आहे. तिथे सगळे दाखवा, नोंद काउंटरवरच करून घ्या आणि तारण म्हणून एक कार्ड द्या.

स्पेनमध्ये २०२१चा राजाज्ञा क्रमांक ९३३ हा २ डिसेंबर २०२४पासून पूर्ण लागू झाला. नोंदी ‘सेस ओस्पेदाहेस’ या प्रणालीत जातात. पत्ता, फोन, ईमेल, लहान मुलांशी असलेलं नातं असं बरंच विचारतात आणि १४ वर्षांवरच्या प्रत्येकाची सही लागते. कार्डाने यातलं काहीच कमी होत नाही. पासपोर्टची छायाप्रत मात्र मागू नये, असं स्पेनच्या माहिती-संरक्षण यंत्रणेने २०२५मध्ये स्पष्ट केलं आहे. माहिती उतरवून घ्या, प्रत नको, असं तुम्ही म्हणू शकता.

फ्रान्समध्ये परदेशी पाहुण्याने सही करायचा पोलिसांचा अर्ज असतो, तो सहा महिने जपून ठेवतात, आणि १५ वर्षांखालची मुलं मोठ्यांच्याच अर्जात मावतात. क्रोएशियात ‘ई-व्हिजिटर’ प्रणालीत २४ तासांत नोंद होते. दुब्रोव्हनिकजवळ मुक्काम ठेवून दिवसभरासाठी बोस्नियातल्या मोस्तार किंवा माँटेनेग्रोतल्या कोटोरला जाणारे पुष्कळ. बोस्निया आणि माँटेनेग्रो शेंगेनबाहेर आहेत, त्यामुळे सकाळी निघताना पासपोर्ट कॅम्पसाइटच्या खणात असेल तर सीमेवरून परत फिरावं लागेल. परतीचा शेंगेन प्रवेश असतो, म्हणून व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा (मल्टिपल एंट्री) आहे ना, हेही बघा.

जर्मनीत १ जानेवारी २०२५पासून जर्मन नागरिकांसाठीचा नोंदणीचा कागद बंद झाला, परदेशी नागरिकांसाठी तो चालूच आहे. जर्मन ओळखपत्र तारण म्हणून ठेवून घेण्याची मागणी करता येत नाही, असं त्यांच्या ओळखपत्र कायद्याच्या पहिल्याच कलमात आहे. तो नियम भारतीय पासपोर्टला लागू नाही, पण तिथल्या कर्मचाऱ्यांना ही कल्पना ओळखीची असते, त्यामुळे नम्रपणे नकार दिला तर हुज्जत होत नाही.

आपल्या बाजूने सांगायला एक पक्की गोष्ट आहे. पासपोर्ट अधिनियम, १९६७च्या कलम १७नुसार पासपोर्ट ही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता असते. ‘हा माझ्या सरकारचा आहे, तारण ठेवता येत नाही, हवं तेवढा वेळ बघा’ हे वाक्य शांतपणे म्हटलं की बहुतेक ठिकाणी काम होतं. आणि लगेच दुसरा हात पुढे करा: कार्ड किंवा पैसे. कारण समोरच्यालाही खात्री हवी असते आणि ती मागण्यात त्याचं काही चुकत नाही.

कार्ड मागवताना भारतीय नावांची अडचण ठरलेली आहे. आपल्या पासपोर्टात आडनाव एका रकान्यात, तर स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात असतं. क्लबच्या अर्जात ‘पहिलं नाव’ म्हणून फक्त स्वतःचं नाव लिहिलं तर कार्ड आणि पासपोर्ट जुळत नाहीत आणि काउंटरवर शंका निघते. पासपोर्टात जसं आहे तसं, त्याच क्रमाने भरा. पासपोर्ट क्रमांक एक अक्षर आणि सात अंक असा असतो. शून्य आणि ‘ओ’ची गल्लत इथेच होते. पासपोर्ट नवा काढला की क्रमांक बदलतो आणि कार्डाची मुदत शिल्लक असली तरी त्याचा उपयोग संपतो. क्लबला कळवून नवं कार्ड मागवा. पत्ता विचारला तर रिसेप्शनवरचा माणूस फोटोच्या पानावर शोधत बसतो. आपल्या पासपोर्टात तो शेवटच्या पानावर आहे, ते पान आपणच उघडून द्या.

काही क्लब हल्ली कार्ड फोनमध्येच देतात. विमा आणि सूट यांना ते चालतं, पण ज्या कामासाठी आपण कार्ड घेतो आहोत त्यासाठी ते निरुपयोगी आहे, कारण फोन काही खणात ठेवता येत नाही. प्लॅस्टिकचं कार्ड मिळत असेल तर तेच मागा, आणि टपालाने यायला लागणारे दिवस धरून महिनाभर आधी मागवा.

मुंबई-पुण्याहून थेट जाऊन मोटरहोम भाड्याने घेणाऱ्यांना ही कार्डं मिळवणं कठीण, कारण विक्री तिकडच्या क्लबांमार्फत आणि तिकडच्या पत्त्यावर होते. त्यासाठी धडपडू नका. तारणाचं मुख्य कारण पैसे आहे, तेव्हा पोहोचल्याबरोबर सगळ्या रात्रींचे पैसे भरून टाका आणि पावती घ्या. जर्मनीत ‘इश त्साले झोफोर्ट’, इटलीत ‘पागो सुबितो’ एवढं म्हटलं तरी पुरतं. चावी आणि अडॅप्टरसाठी वीस-तीस युरो रोख बाजूला ठेवा. वाहन परवाना तारण ठेवू नका, गाडी चालवताना तो जवळच लागतो. युरोपात राहणाऱ्यांनी निवासपरवान्याचं कार्डही कुणाला ठेवायला देऊ नये. ते हरवणं पासपोर्ट हरवण्याइतकंच त्रासाचं आहे.

जे काही खणात ठेवाल, कार्ड असो वा अडॅप्टरचे पैसे, ते परत घ्यायची वेळ आदल्या संध्याकाळीच विचारा. जर्मनी-फ्रान्सकडे दुपारी दोनेक तास ऑफिस बंद असण्याची पद्धत अजून टिकून आहे आणि सकाळी आठच्या आधी खिडकी क्वचितच उघडते. सहाची फेरीबोट पकडायची असेल तर हिशेब रात्रीच चुकता करा, आणि बॅरिअर किती वाजता उघडतं ते विचारून गाडी गरज पडल्यास बाहेरच्या वाहनतळावर लावा.