एपीयू२ आणि सीरियल कन्सोल: बरेच महिने वापरल्यानंतर

ऑफिसचा राउटर म्हणून पीसी इंजिन्सचा एपीयू२ बोर्ड चालवतोय, त्यावर ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम. या बोर्डाला मॉनिटर लावायची सोयच नाही. नऊ पिनांचा सीरियल पोर्ट आहे, आणि बोर्ड सुरू झाल्या क्षणापासून तो जे काही बोलतो ते तिथूनच. यालाच सीरियल कन्सोल म्हणतात. आता मला मॉनिटरची आठवणही येत नाही.

केबल नल-मोडेम लागते, म्हणजे आतल्या पाठवायच्या आणि घ्यायच्या तारा उलटसुलट जोडलेली. साध्या सरळ केबलवर पडदा कोराच राहतो. दुसऱ्या टोकाला सीरियलचं यूएसबी करणारा कन्व्हर्टर. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पिनांसाठी मिळणारा ३.३ व्होल्टचा कन्व्हर्टर इथे चालत नाही, आणि इथला तिथे लावला तर रास्पबेरी पाय जळू शकतो.

वेग ११५२००. बोर्डाचं फर्मवेअर, म्हणजे त्यातच बसवलेला सुरुवातीचा प्रोग्राम, याच वेगाने बोलतं, पण ओपनबीएसडी सुरू करून देणारा बूटलोडर आपणहून ९६०० धरतो. म्हणून बूट प्रॉम्प्टवर आधी 'एसटीटीवाय कॉम० ११५२००' आणि मगच 'सेट टीटीवाय कॉम०' (कॉम० म्हणजे पहिला सीरियल पोर्ट). हा क्रम चुकला की पडद्यावर नुसता कचरा. पुढे इन्स्टॉलर स्वतःच विचारतो, कॉम० कायमचा कन्सोल करू का? हो म्हटलं की विषय संपला.

खरी किंमत कळली ती वळवाच्या पावसात. वीज गेली, यूपीएसही बसला, वीज आल्यावर राउटर काही उठेना. पिंगला उत्तर नाही, नेटवर्कवरून लॉगिन करायचं एसएसएच बंद. शेजारच्या रास्पबेरी पायला कन्सोलची केबल कायम लावलेली असते. त्यावर स्विचमधून लॉगिन करून, 'स्क्रीन'मध्ये कायम चालू असलेला 'सीयू' हा सीरियलशी बोलणारा प्रोग्राम समोर आणला, एन्टर दाबला, तर समोर कोणता शेल (आज्ञा टाइप करायची जागा) सुरू करू असं विचारणारी ओळ. वर स्क्रोल केलं तर फाइल सिस्टीमची तपासणी अर्धवट थांबलेली, 'एफएससीके (फाइल सिस्टीम दुरुस्त करणारी आज्ञा) हाताने चालवा' असं स्पष्ट लिहिलेलं. ही पायरी नेटवर्क सुरू होण्याच्या आधीची, त्यामुळे एसएसएचवाला इथे काहीही करू शकत नाही. एफएससीके चालवलं, शेलमधून बाहेर पडलो, बाकीचं बूट डोळ्यांसमोर ओळीओळीने पुढे गेलं. रास्पबेरी पायवर 'स्क्रीन' सगळ्याचा लॉग लिहीत असतं, त्यामुळे नेमकं कुठे अडलं होतं ते नंतरही शांतपणे वाचता आलं.

त्रासही आहेत. सीरियल लाइनवरून खिडकीचा आकार पलीकडे कळत नाही. खिडकी मोठी केली तरी व्हीआय हा एडिटर २४ ओळींतच राहतो. 'एसटीटीवाय रोव्ज ५० कॉलम्स १३२' (रोव्ज म्हणजे ओळी) हाताने द्यावं लागतं. 'सीयू'मधून बाहेर यायला एन्टर, टिल्ड (~), टिंब. पण एसएसएचमधून आलात तर पहिला टिल्ड एसएसएचच गिळतो आणि तुमचं एसएसएचच तुटतं. तिथे टिल्ड दोनदा.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. तीन तारांच्या केबलवर जोडणी काढली तरी पलीकडचं लॉगिन उघडंच राहतं. पुढचा माणूस केबल लावेल तो थेट तुमच्या रूट शेलमध्ये, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या लॉगिनमध्ये. मी केएसएच या शेलमध्ये टीएमआउट ६०० सेकंद ठेवलाय, म्हणजे दहा मिनिटं हालचाल नाही तर शेल बंद. प्रत्येकाने ठेवावाच.

एपीयूची मालिका बंद करत असल्याचं कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केलं. पुढचं मशीन घेताना मी प्रोसेसरच्या आधी हेच विचारणार आहे, की फर्मवेअरपासूनचं सगळं सीरियलवर दिसतं का.