फोन हुशार आहे, पण बोटाखालची जागा हलवतो

हा फोन घेऊन आठ महिने झाले. साडेसोळा हजारांना पडला. खोक्यावर ठळक लिहिलं होतं, 'तुमच्या सवयी ओळखणारा'. कंपनीचं नाव घेत नाही. मी वाई-सातारा रोज एसटीने जाते-येते आणि साताऱ्यात कॉम्प्युटर क्लास घेते, त्यामुळे या फोनची परीक्षा बहुतेक खिडकीजवळच्या सीटवरच झाली.

स्क्रीनच्या उजेडाचं काम मात्र झकास. पहिले आठ-दहा दिवस मी पट्टी हाताने खाली-वर करत होते, मग त्याने माझी आवड उचलली. पूर्वीचे फोन नुसता बाहेरचा उजेड मोजायचे. 2018 च्या अँड्रॉइड 9 पासून आपण केलेला बदलही फोन लक्षात ठेवतो. आता कडक उन्हात मेसेज वाचता येतो, आणि रात्री डोळ्यांवर टॉर्च मारल्यासारखं होत नाही.

गाडी चालवताना कॉल गप्प करण्याची सोय आहे, ती एसटीतच चालू व्हायची. फोनला वेग कळतो, स्टिअरिंग कोणाच्या हातात आहे ते कळत नाही. गॅसवाल्याने तीनदा फोन केला आणि सिलिंडर परत घेऊन गेला. शेवटी सेटिंगमध्ये शोधून ती सोय फक्त ब्लूटूथ जोडल्यावर चालू होईल असं केलं. माझ्याकडे गाडीच नाही, म्हणजे कायमची बंद.

कुशीवर आडवं झालं की स्क्रीनही आडवा होतो. ही खोड जुनी. 2000 साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये केन हिंकली आणि सहकाऱ्यांनी एका पॉकेट पीसीला, म्हणजे खिशात मावणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, कल, स्पर्श आणि जवळीक ओळखणारे सेन्सर चिकटवून स्क्रीन आपोआप फिरवून दाखवला होता. पण सेन्सरला जमीन कुठे आहे तेवढंच कळतं, माझं डोकं उशीवर कसं आहे ते नाही. गूगलच्या पिक्सेल फोनांत 2021 च्या अँड्रॉइड 12 ने समोरच्या कॅमेऱ्यातून चेहरा बघून स्क्रीन फिरवायची सोय आणली. माझ्या फोनात ती नाही. मी स्क्रीनचं फिरणंच बंद केलंय.

खरा राग त्या सुचवण्यांच्या ओळीवर. पहिल्या पानावर चार ॲप, 'आता तुम्हाला हेच लागेल' म्हणून वेळेनुसार बदलणारी. मंडईत मेथीच्या जुडीचे पैसे द्यायला बोट नेलं, तेवढ्यात चिन्हं सरकली आणि रेडिओ सुरू झाला. भाजीवाली म्हणाली, "ताई, गाणं नको, पंधरा रुपये द्या."

हे मला नवीन नव्हतं. वीस वर्षांपूर्वी क्लासमधल्या कॉम्प्युटरांवर न वापरलेल्या आज्ञा आपोआप लपवणारे मेनू होते. मुलं रोज ओरडायची, "मॅडम, मेनू गायब झाला!" अशा आपोआप बदलणाऱ्या मेनूंवर कॅनडात फिंडलेटर आणि मॅकग्रेनियर यांनी 2004 मध्ये प्रयोग केला. आपणहून बदलणाऱ्या मेनूपेक्षा जागेवर स्थिर राहणाऱ्या मेनूवर लोकांचं काम लवकर झालं, आणि बहुतेकांना आवडला तो स्वतः लावून घ्यायचा मेनू. बोटाला जागा पाठ असते हो, चित्र बघायला कोण थांबतंय!

उजेड, आवाज याला हवं तसं बदलू दे, तिथे माझं बोट जात नाही. सुचवण्या बंद करायला चार पायऱ्या आत जावं लागतं, याचे दोन तारे कापले. पाचपैकी तीन. पैशांचं ॲप आता खाली उजव्या कोपऱ्यात, अंगठ्यापाशी आहे. भाजीवालीने परवा विचारलं, "आज गाणं नाही?"