मध्यम गुण : राज्यातलं खासगी कॉलेज की अभिमत विद्यापीठ?

नीटच्या ७२० पैकी गुण बेताचेच. सरकारी एमबीबीएस हुकलं, मग पसंतीक्रम भरताना काय वर ठेवायचं?

खासगी कॉलेजांचे प्रवेश राज्याचा सीईटी सेल करतो. ८५ टक्के जागा राज्य कोट्यात, जातीचं आरक्षण लागू, फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी मुलींचं कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर २०२४ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ. हे कित्येक पालकांना ठाऊकच नसतं, आणि फीचा आकडा बघूनच ते मागे फिरतात.

अभिमत म्हणजे ‘डीम्ड’ विद्यापीठांत अधिवासाची अट नाही, आरक्षणही नाही. प्रवेश दिल्लीच्या एमसीसीकडून, म्हणजे केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडून, नोंदणीलाच २ लाख अनामत. फी अनेक ठिकाणी वर्षाला २० लाखांच्या पुढे. अर्थात, एवढी फी देशभरातल्या बहुतेकांना झेपत नाही, म्हणून कमी गुणांवरही जागा मिळते. पदवी दोन्हीकडे एमबीबीएसच.

माझं मत विचाराल तर राज्याच्या यादीत एकही कॉलेज वगळू नका, गाव आडवळणाचं असलं तरी. अभिमतकडे वळायचं ते साडेचार वर्षांच्या फीची बेरीज कागदावर मांडूनच. आणि कॉलेज बघायला गेलात की इमारत राहू द्या, सकाळी दहाला ओपीडीतली रांग मोजा.