कंबरेचा माईक: सहा महिने वापरून

माझा आवाज बसला तो आठवडाभर उठलाच नाही. डॉक्टरांनी मौन सांगितलं आणि वर बजावलं, "कुजबुजायचंही नाही, त्यानंही स्वरयंत्रावर ताण येतो." फळ्यावर लिहून तास घेताना लक्षात आलं, मी शिकवते कमी आणि ओरडते जास्त. मग हा माईक घेतला. मुठीपेक्षा थोडा मोठा स्पीकर, तो कंबरेच्या पट्ट्याला अडकवायचा आणि माईक कानामागून तोंडाशी आणायचा.

पहिल्या दिवशी मुलं फिदीफिदी हसली. दुसऱ्या दिवशी विसरली.

घशाला आराम मिळेल एवढीच अपेक्षा होती, पण खरा फरक पडला तो रागात. गोंगाट वाढला की माणसाचा आवाज आपोआप चढतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ मध्येच हे नोंदवून ठेवलंय. वर्गात याचं दुष्टचक्र होतं. मुलं बोलतात म्हणून मी चढ्या आवाजात बोलते, मी चढ्या आवाजात बोलते म्हणून मुलं आणखी मोठ्यानं. तिसऱ्या तासापर्यंत जबडा आवळलेला, खांदे कानाशी. आणि ओरडून सांगितलेलं 'वही काढा'सुद्धा मुलांना रागावल्यासारखंच ऐकू येतं. आता शेवटच्या बाकावरच्या मुलाला मी जागेवरूनच, साध्या आवाजात म्हणते, "बाळा, उत्तर बरोबर आहे, एकक राहिलं." आधी हेच वाक्य चाळीस जणांसमोर खेकसल्यासारखं जायचं. घरी गेल्यावर माझ्याशी कुणी बोलू नये असं वाटायचं, तेही बरंच कमी झालंय.

आता तक्रारी. स्पीकरसमोर माईक आला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते, त्यामुळे खाली वाकून वही बघताना सांभाळावं लागतं. वायर बाकाच्या कोपऱ्यात अडकते. बॅटरी सहाव्या तासाला मान टाकते, म्हणून मधल्या सुट्टीत चार्जिंगला लावणं आलंच. आणि बटण बंद करायला विसरू नका. मी एकदा विसरले. "बदली तास बरा दरवेळी मलाच लागतो," हे पुटपुटणं अख्ख्या व्हरांड्यानं ऐकलं. वेळापत्रक लावणारे सर समोरूनच येत होते. पुढच्या आठवड्यात बदली तास एकच लागला, हा मात्र उत्पादनाचा गुण म्हणून धरू नये.

वह्यांचा ढीग, ऐनवेळी मागितलेली माहिती, रात्री दहाला येणारे पालकांचे मेसेज यावर हे यंत्र काही करत नाही. शाळेत तणावमुक्तीची कार्यशाळा झाली होती, तिथे डोळे मिटून श्वास मोजले, डोळे उघडले तर वह्या तेवढ्याच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणानं पार गळून जाण्याची, नोंद कामाशी निगडित बाब म्हणून केली, आजार म्हणून नाही. मला ते पटतं. माझ्या कामातली निदान एक गोष्ट या माईकनं हलकी केली.

पाचपैकी चार तारे. घ्याल तर माईकवरच्या स्पंजच्या टोप्या जास्तीच्या घेऊन ठेवा. माझी पहिली तिसऱ्याच आठवड्यात हरवली, आणि महिन्याभरानं एका कंपासपेटीत सापडली, पेन्सिलीला विदूषकाचं नाक म्हणून लावलेली.